केशरी रंगाचा पाठभेद

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. १९०९ मध्ये राजवाड्यांनी आपल्या हाती आलेली प्रत एकनाथपूर्व असल्याचे सांगून छापली, आणि मूळ पाठ कोणता यावरून मराठीत जे रण माजले त्याची धूळ अजून पुरती बसलेली नाही. लीळाचरित्राचे कोलत्यांनी केलेले संपादन १९७८ साली आले. त्यावरही पाठभेदांचे वाद झडले. आम्ही मराठीचे प्राध्यापक या वादांवर पोसलेले आहोत. एका वेलांटीच्या ऱ्हस्वदीर्घावर वर्गातला अर्धा तास खर्च करतो आणि त्याची आम्हाला मुळीच खंत नाही. असे असताना याच प्राध्यापकांच्या टेबलावर एक जुना घरगुती संगणक आला, त्याला रंगीत पडदा कोणता जोडावा असा प्रश्न निघाला, तेव्हा जवळजवळ एकमुखाने उत्तर आले: कोणताही चालेल, मजकूर दिसला म्हणजे झाले.

हे उत्तर चुकीचे आहे आणि आमच्या विषयाच्या तोंडी तर ते अजिबात शोभत नाही, एवढेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

प्रकरण असे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेल्या अभियंत्यांनी घर आवरताना एक डीबी स्पेक्ट्रम प्लस महाविद्यालयाला दिला. ब्रिटनमधल्या सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रमची ही भारतात परवान्यावर निघालेली आवृत्ती. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ती आपल्याकडे मिळत असे. सोबत कॅसेटी होत्या, एक टेपरेकॉर्डर होता आणि ज्यावर हा संगणक चालत असे तो वीस इंची रंगीत टीव्हीही होता. संगणकशास्त्राच्या विभागाने यंत्राकडे एकदा पाहिले आणि ते आमच्याकडे पाठवून दिले, कारण कॅसेटींच्या खोक्यांवर मराठीत लिहिले होते. एका खोक्यावर शब्द होता ‘अंकलिपी’.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे तपशील. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके मावतात. अक्षरांच्या हिशेबात बत्तीस रकाने आणि चोवीस ओळी. प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांचे एक घर आणि त्या घरात एका वेळी फक्त दोन रंग, एक शाईचा आणि एक कागदाचा. मूळ रंग आठ: काळा, निळा, तांबडा, जांभळट गुलाबी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. यात केशरी नाही. वापरणाऱ्याला स्वतःची म्हणून एकवीस अक्षरे घडवता येत. रोमन लिपीसाठी बेतलेल्या या आठ बाय आठच्या खुराड्यात शिरोरेषा, मात्रा, उकार आणि जोडाक्षरे बसवायची म्हणजे काय दिव्य असेल याची कल्पना देवनागरीचे खिळे कापणाऱ्यांनाच यावी. या गृहस्थांनी एकेका अक्षराला चार चार घरे दिली, एकवीस अक्षरांचा साठा पुन्हा पुन्हा बदलून वापरला आणि आपल्या मुलीसाठी मुळाक्षरांचे सचित्र पुस्तक तयार केले. ‘आ’पाशी आंबा आहे. कोकणात दुसरे काय असणार!

विभागाने केले ते असे. कॅसेटमधला मजकूर लॅपटॉपवर उतरवला, जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम चालवला आणि सभागृहातल्या नव्या सपाट पडद्यावर अंकलिपी दाखवली. अक्षरे लख्ख आली आणि टाळ्या पडल्या. आंबा मात्र तांबड्या-पिवळ्या चौकड्यांचा, बुद्धिबळाच्या पटासारखा निघाला. एका विद्यार्थिनीने हे काय आहे म्हणून विचारले. “त्या काळी एवढेच जमत असे,” असे तिला सांगण्यात आले. संपूर्ण कार्यक्रमातले हे एकच विधान साहित्यसमीक्षेच्या स्वरूपाचे होते आणि ते साफ खोटे होते.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघातिघांनी तेच यंत्र, तीच कॅसेट, पण त्यांच्याच घरचा तो जुना टीव्ही अशी जुळणी केली. अँटेनाच्या तारेतून चित्र आले. अक्षरांच्या कडा किंचित पाझरत होत्या, डावीकडे एक फिकट सावली होती, आणि ‘आ’पाशी पिकलेल्या हापूसचा केशरी आंबा होता. सपाट केशरी, कुठेही चौकडी नाही.

यात जादू नाही. आपल्याकडच्या रंगीत दूरचित्रवाणीची पाल ही पद्धत चित्राचा उजेड आणि चित्राचा रंग वेगवेगळे पाठवते आणि रंगाच्या वाट्याला उजेडाच्या मानाने सुमारे चौथा हिस्सा जागा देते. माणसाच्या डोळ्याला उजेडातला बारकावा जितका कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून ही काटकसर. स्पेक्ट्रम सेकंदाला सत्तर लाख ठिपके या वेगाने ओळ लिहितो. एवढ्या घाईने बदलणारा रंग त्या अरुंद वाटेतून जाऊच शकत नाही. शेजारच्या तांबड्या आणि पिवळ्या ठिपक्यांचे रंग वाटेतच मिसळतात. उरलेसुरले काम पिक्चर ट्यूबच्या काचेमागची जाळी आणि प्रकाशणाऱ्या लेपाचे तांबडे-हिरवे-निळे कण करतात. अभियंत्यांना आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले की यातले काही त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. रात्री टीव्हीसमोर बसून ते ठिपक्यांची अदलाबदल करत गेले आणि आंबा आंब्यासारखा दिसला तेव्हा थांबले. म्हणजे लेखकाने हा रंग संगणकात लिहिलेला नाही. कॅसेटवर केशरी कुठेच नाही. तो त्या पडद्यावर लिहिलेला आहे, आणि पडदा बदलला की तो शब्द गळतो. पोथीतला शब्द गळला असता तर आम्ही तळटीप दिली असती. इथे आम्ही टाळ्या वाजवल्या.

यावर आमच्या सहकाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला आहे. संहिता ती संहिता. ती ताडपत्रावर असो, कागदावर असो वा काचेवर. आम्ही त्यांना निर्णयसागरच्या टाइपाची आठवण करून देतो. ज्या वाचकांनी त्या ठसठशीत टाइपात जुने ग्रंथ वाचले त्यांच्या मनात त्या ग्रंथांचे भारदस्तपण काही अंशी त्या खिळ्यांनी उभे केले होते. अरुण कोलटकर व्यवसायाने चित्रकार-संकल्पक होते. प्रासने काढलेली त्यांची पुस्तके हाती घेतल्यावर पानावरचा कोरा भाग कवितेचा नाही असे म्हणण्याची कोणाची छाती होईल? डी. एफ. मकेंझी यांनी १९८५ च्या व्याख्यानांत ग्रंथाच्या भौतिक रूपाचा त्याच्या अर्थाशी संबंध असतो हे मांडले, ते आम्ही एम.ए.च्या वर्गात श्रद्धेने सांगतो. मॅथ्यू कर्शनबॉम यांचे ‘मेकॅनिझम्स’ हे पुस्तक २००८ मध्ये आले, नीक माँटफर्ट आणि इयन बोगोस्ट यांचे ‘रेसिंग द बीम’ २००९ मध्ये. दुसऱ्या पुस्तकाचे तर नावच टीव्हीच्या काचेवर धावणाऱ्या किरणावरून आहे, कारण अटारीच्या खेळयंत्राचा प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे त्या किरणाशी शर्यत लावणे होते. हे सगळे आम्हाला तोंडपाठ आहे. फक्त ते आपल्या टेबलापर्यंत येऊ द्यायचे नाही, असा काहीसा अलिखित करार असावा.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, कारण त्यांच्याशीही आमचे जमत नाही. जुने संगणक जमवणाऱ्या हौशी मंडळींत पडद्याची चर्चा फार गांभीर्याने चालते आणि त्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्यांचा आदर्श ठरलेला: कमोडोर १०८४, फिलिप्स सीएम ८८३३, किंवा जमल्यास स्टुडिओत वापरला जाणारा सोनीचा पीव्हीएम. तांबडा, हिरवा, निळा असे तीन संकेत तीन स्वतंत्र तारांनी न्यायचे, म्हणजे वाटेत काही मिसळत नाही आणि चित्र काचेवर कोरल्यासारखे उमटते. स्पेक्ट्रम प्लसला अशा तारांची सोयच नाही. मागच्या पट्टीवरून दुसरेच संकेत काढून, वेगळी पाटी जोडून ती करावी लागते. तीही करणारे आहेत. आमच्या परिचयातल्या अशाच एका जाणकारांनी आम्हाला परदेशातून असा मॉनिटर मागवण्याचा सल्ला दिला. मागवला असता तर काय झाले असते? उत्तम, स्थिर, झगझगीत चित्र आले असते, आणि आंब्याच्या चौकड्या आणखी स्वच्छ दिसल्या असत्या.

‘उत्तम प्रत’ आणि ‘खरी प्रत’ यांतला फरक इथे कामाला येतो. कोकणातल्या कुठल्या घरी १९८८ साली स्टुडिओचा मॉनिटर होता? घरात टीव्ही एक. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शनला रंग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो ज्यांना परवडला त्यांच्या घरी पोहोचला. आमच्या खेड-चिपळूण पट्ट्यात आखातात नोकरीला गेलेल्यांनी आणलेले, अनेक प्रणालींवर चालणारे संचही होते. ब्रिटनहून आलेला स्पेक्ट्रम यूएचएफच्या ३६व्या चॅनेलवर बोलत असे. ज्या टीव्हीला फक्त दूरदर्शनचे व्हीएचएफ कळे त्याच्यापुढे तो मुका. जानेवारी १९८७ पासून दीडेक वर्ष रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे, तेव्हा संगणकाची तार काढून अँटेनाची तार लावणे हा धर्म होता. त्या मुलीने आपली मुळाक्षरे आल्यागेल्यांच्या गर्दीत, टीव्ही मोकळा मिळेल तेव्हा, खरखरत्या तारेतून वाचली. त्या वाचनात तीन तारांचा स्वच्छ मॉनिटर घुसडणे म्हणजे वहीवर उतरवलेली ओवी आर्ट पेपरवर छापून तीच मूळ म्हणून दाखवणे.

आम्ही धूसरतेचे भक्त नाही. उद्या कोणी बीबीसी मायक्रो आणून दिला तर आमचे उत्तर वेगळे असेल. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेत १९८४-८५ पासून हे यंत्र आपल्या शाळांत आले, पहिल्या टप्प्यात अडीचशे शाळांत. चंडीगडच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याची इथे जुळणीही केली. त्याला तांबड्या-हिरव्या-निळ्या संकेतांचे स्वतंत्र भोक मुळातच आहे आणि ब्रिटिश शाळांत त्यापुढे मायक्रोव्हायटेकचा कब हा मॉनिटर सर्रास असे. चाळीस रकान्यांचा, पंचवीस ओळींचा त्याचा टेलिटेक्स्टसारखा मजकूर त्या मॉनिटरवरच नीट वाचावा. (त्याच यंत्राच्या साध्या व्हिडिओ-भोकातून मुळात काळेपांढरे चित्र येते. ते बिघाड समजून यंत्र भंगारात देणारे निघू नयेत म्हणून ही नोंद. आत एक जोड द्यावा लागतो.) १९८२ चा ‘द हॉबिट’ हा मजकुरातून उलगडणारा खेळ टोल्किनच्या कादंबरीची प्रत सोबत देऊन विकला जाई. स्पेक्ट्रमवर त्याची चित्रे वाचकाच्या डोळ्यांदेखत रेघ रेघ करून काढली जातात आणि मग रंग भरला जातो. तो घरी वाचायचा ग्रंथ, तेव्हा त्याला घरचाच टीव्ही. पडदा यंत्राकडे पाहून निवडायचा नसतो; त्या कृतीचा वाचक कुठे बसला होता हे आधी विचारावे लागते.

ज्यांना खरोखर निवड करायची आहे त्यांच्यासाठी आमचा थोडा अनुभव. कार्यालयात माळ्यावर पडलेले जुने व्हीजीए मॉनिटर पाहून पुष्कळांना मोह होतो. तो व्यर्थ आहे. ते सेकंदाला किमान साडेएकतीस हजार ओळी मागतात, घरगुती संगणक साडेपंधरा हजारांच्या आसपास देतो. चित्र लागतच नाही. अगदी शेवटच्या काळातले, शंभर हर्ट्झची जाहिरात करणारे पिक्चर ट्यूबचे टीव्ही टाळावेत, कारण ते चित्र आधी आकड्यांत साठवून मग दाखवतात. नव्या सपाट टीव्हीला अँटेनाची तार लावता येते, पण स्पेक्ट्रमचे चित्र ३१२ ओळींचे, एकाआड एक न गुंफलेले; ते पुष्कळ संचांना ओळखता येत नाही. ते दोन चित्रे एकमेकांत कालवतात, कळ दाबल्यावर अक्षर रेंगाळत उमटते. चौदा ते एकवीस इंचांचा साधा, फुगीर काचेचा, पाल प्रणालीचा टीव्ही शोधावा, शक्यतो जुना वापर कमी झालेला. बघायला जाताना पूर्ण पांढरे चित्र लावून पाहावे: कोपऱ्यात रंगाचे डाग असतील तर ते चुंबकत्वाचे असतात आणि बहुधा निघतात, पांढरे मळकट तपकिरी दिसत असेल आणि उजेड वाढवूनही उठत नसेल तर ट्यूब थकली आहे, ती सोडून द्यावी. पाठ उघडण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये. ट्यूबच्या टोकाला वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ राहतात. ते जुन्या टीव्ही मेकॅनिकचे काम आहे. हा माणूस ट्यूबपेक्षाही दुर्मिळ होत चालला आहे. लोट्यात आम्हाला जे भेटले ते आता मोबाइलच्या काचा बदलतात, पण हात विसरलेला नाही.

आमच्या विरोधात एक आक्षेप खरा वजनदार आहे, तो आम्ही झटकून टाकत नाही. पिक्चर ट्यूब मरणारी वस्तू आहे. ती पुन्हा बनवली जाणार नाही. तिच्या काचेत शिसे आहे, तिचे वजन आहे, आणि तिला लावून ठेवलेला प्रत्येक तास तिच्यातून वजा होतो. म्हणजे आमचे वाचनच आमच्या प्रतीला खाते. पोथीचे पान उलटतानाही ते थोडे झिजते, पण इतक्या उघड हिशेबाने नाही. मग नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जुन्या काचेचा आभास देणारी गाळणी असते ती लावावी, असे सुचवले जाते. लावावी. तिनेही केशरी बऱ्यापैकी येतो. पण ती गाळणी कोणीतरी खऱ्या ट्यूबकडे पाहून लिहिलेली टीका आहे. मूळ समोर नसताना टीका बरोबर की चूक हे कोण ठरवणार? म्हणून आमचे म्हणणे: ट्यूब वर्षातून चार वेळा लावा, बाकीच्या दिवशी गाळणी दाखवा, आणि विद्यार्थ्यांना हे दुसरे पाहत आहात असे सांगा.

१९८६ मध्ये बीबीसीने डूम्सडे प्रकल्पात दहा लाखांवर लोकांच्या हातभाराने ब्रिटनचे चित्र लेझर-तबकड्यांवर उतरवले. २००२ पर्यंत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे इतकी विरळ झाली होती की मजकूर सोडवण्यासाठी स्वतंत्र संशोधन करावे लागले. १०८६ सालचे मूळ डूम्सडे पुस्तक मात्र आजही वाचता येते. या उदाहरणावरून सगळे फक्त मजकूर वेळीच उतरवून घेण्याचा धडा घेतात. मजकूर आमच्याकडेही उतरवलेला होता. गेला तो आंब्याचा रंग. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हर शहरात डीन ग्रिगर यांनी उभ्या केलेल्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक साहित्य ज्या यंत्रांवर लिहिले-वाचले गेले ती यंत्रेच चालू ठेवली आहेत. आपल्याकडे एवढे नको. एका विभागात एक टेबल पुरे.

लोट्याहून परशुराम घाट उतरला की चिपळूण. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तिथल्या रस्त्यांच्या कडेला चिखलात माखलेल्या सामानाचे ढीग होते. १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ नंतर पुन्हा पाणी शिरले होते आणि भिजल्या ग्रंथांबद्दल सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, आम्हीही केली. त्याच ढिगांत टीव्ही होते. त्यांच्याबद्दल कोणाला काही वाटण्याचे कारण नव्हते, आम्हालाही वाटले नाही. कोणत्या घरात त्या काचेवर काय लिहिले गेले होते हे विचारण्याचे तेव्हा आमच्या मनातही आले नाही.

सध्याची स्थिती अशी आहे. महाविद्यालयाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये संगणकाची नोंद ‘संग्राह्य वस्तू’ अशी झाली आहे आणि टीव्हीची नोंद वेगळ्या पानावर ‘निरुपयोगी, ई-कचरा’ अशी. निर्लेखन समितीला आम्ही अर्ज दिला आहे की दोन्ही मिळून एक वस्तू आहे, तिला एकच क्रमांक द्यावा. समितीतल्या एका सदस्यांनी सौजन्याने विचारले की मग टीव्हीशिवाय संगणक अपूर्ण समजायचा का. आम्ही हो म्हटले. त्यांनी ते लिहून घेतले नाही. टीव्ही तूर्त विभागातल्या लोखंडी कपाटात आहे, पावसाळ्याची ओल लागू नये म्हणून आत एक बल्ब जळत ठेवला आहे. ई-कचऱ्याची गाडी कधी येणार ते अजून कळलेले नाही.